फ्लॉपीची टिकली

चहा घ्या आधी. अन् हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसालच! आजपर्यंत ज्याले ज्याले सांगितलं, तो हसल्याशिवाय राहिला नाही.

परवा काय झालं, माझा भाचा कॉम्प्युटरवर डीव्हीडी भरत बसला होता. त्याच्याच लग्नाचे फोटो. मशीन काही ऐकेना, तसा माझ्याकडे वळला.

"मावशी, तू तर कॉम्प्युटरवर नोकरी केली नं? मंग सांग बरं, ही डीव्हीडी भरून काहून नाही राहिली?"

त्यानं विचारलं मात्र, अन् माझा हात सरळ कपाळाकडे गेला. टिकली काढायले!

"काय झालं वं? डोकं दुखून राहिलं का?" माझ्या बहिणीनं विचारलं.

आता तिले काय सांगू, की डोकं नाही, जुना इतिहास दुखून राहिला? तिले नाही सांगितलं. तुम्हाले सांगते.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. नागपूरच्या आमच्या विणकरांच्या सोसायटीत मी टायपिस्ट होती. टेम्पररी. सहा वर्षं टेम्पररी! माझ्या मागून लागलेल्या लोकांचे लग्न झाले, पोरं झाले, पोरं शाळेत गेले, अन् मी आपली टेम्पररीच. घरी यजमानांचे दोन माग होते. एक बंद पडला होता, दुसरा हप्त्यातून तीन दिवस चाले. पावरलूमच्या लुगड्यापुढं हातमागाचं लुगडं कोण घेते जी? तवा घर चालत होतं ते माझ्या टाइपिंगवर. परमनंटची ऑर्डर हातात पडावी म्हणून मी किती नवस बोलली असेन, देवांनीसुद्धा हिशोब सोडला असेल.

अन् एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे. कॅसेट भरण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात कोणी नव्हतं! घरी टेपरेकॉर्डर होता. भुलाबाईचे दिवस आले, की गाणी भरून घ्यायले बाया दारात हजर. अन् प्रश्न तर असे विचारत, की विचारू नका.

"मंगला, दोन्ही बटणं संगच काहून दाबायचे वं?"

"जुन्या गाण्यावर नवं भरलं तर जुनं कुठं जाते?"

"माझी कॅसेट भरूनच नाही राहिली. रुसली का माय?"

सगळ्या प्रश्नांचे उत्तरं माझ्यापाशी तयार. शेवटच्याचं तर हमखास! कॅसेटच्या पाठीमागं दोन बारीक खाचा असतात, आठवते नं? त्यातला प्लास्टिकचा तुकडा तोडून टाकला, की त्या कॅसेटवर कोणाच्या बापाले भरता येत नाही. गाणं सुरक्षित. अन् पुन्हा भराची असली, तर त्या खाचेवर काहीतरी चिकटवायचं. लोक चिकटपट्टी लावत, मी टिकली लावत होती. हाताशी तीच असे, म्हणजे कपाळाशी. खाचेवर टिकली लावली, की कॅसेट भरते. हा माझा सिद्धान्त. जन्मात कधी फसला नव्हता.

अन् मग सोसायटीत कॉम्प्युटर आला.

काय त्याचा थाट! आम्ही मे महिन्यात खसच्या कूलरपुढं घामाघूम बसणारे लोक, अन् त्याले एकट्याले एसी! नवी रंगवलेली खोली. दारात चपला काढा, मंगच आत जा. आमचे म्हातारे चपराशी तुकारामभाऊ तर आत जाताना उंबरठ्याले हात लावून नमस्कार करत. मशीनले समोर दोन आडव्या फटी होत्या, एक वर, एक खाली. त्यात फ्लॉप्या घालायच्या. फ्लॉपी पाहिली का तुम्ही? काळी, चौकोनी, पापडासारखी लवचीक. त्या पापडावर सगळं भरून ठेवायचं. अन् त्या पापडाच्या कडेले काय असावं? एक खाच!

मी ते पाहिलं अन् मनात म्हटलं, हात्तेरी! ही तर आपलीच कॅसेट, फक्त कपडे बदलून आली.

शिकवायले पुण्याहून आपटे नावाचे इंजिनिअर आले होते. चाळिशीचे, इस्त्रीचा बुशशर्ट, बोलणं असं, की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बाहेर काढल्यासारखा. तीन दिवस त्यांनी मले शिकवलं. भरलेली फ्लॉपी वरच्या फटीत, कोरी खालच्या फटीत, मंग ही बटणं दाबली, की वरचं खाली उतरते. झाली नक्कल तयार.

"प्रश्न असतील तर आत्ता विचारा," ते म्हणाले.

"प्रश्न नाही जी."

"एकही नाही? असं कसं? सगळ्यांना असतात."

"ज्याले समजत नाही त्याले असतात," मी म्हटलं.

आता बोलायची गरज होती का? पण सहा वर्षांची टेम्पररी बाई, तिच्याकडे दुसरं होतं काय मिरवायले!

आपट्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग एक मोठा कागद घेतला, अन् स्वच्छ अक्षरात, मराठीत, लिहून काढलं : 'नेहमीचे प्रश्न व त्यांची उत्तरे'. अकरा प्रश्न. मशीनच्या वर भिंतीवर चिकटवला.

"रोज सकाळी एकदा वाचत जा."

"हाव जी," मी म्हटलं.

ते पुण्याले गेले, अन् दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की खोलीत देवच नाही! एवढं महागाचं मशीन, अन् वर देवाचा फोटो नाही? कॅलेंडरवरचा एक गणपती कापून आणला. पण नव्या रंगाच्या भिंतीले डिंक लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम. मग चिकटवायचा कुठं? तो कागद होताच नं आयता. त्याच्याच वरच्या भागात बसवून दिला. पहिला मान गणपतीचा. खाली दहा प्रश्न चांगले दिसत होते.

काम होतं यादीचं. शहरातल्या साऱ्या विणकरांची यादी, नाव, पत्ता, किती माग, घरात किती माणसं. विणकर कॉलनीत घर मिळायचं तर त्या यादीत नाव पाहिजे. तुकारामभाऊंनी गोण्या भरून फॉर्म आणून टाकले, अन् मी तीन हप्ते मान मोडून ते एका फ्लॉपीत भरले. आमचे मॅनेजर हेडाऊ साहेब, माणूस मनानं चांगला, पण बोलणं रोखठोक.

"मंगला," ते म्हणाले, "सोमवारी कॉलनीचं काम पाहणाऱ्या मुंबईच्या मॅडम येऊन राहिल्या. यादीची फ्लॉपी त्यांच्या हातात पडली, तर तुझ्या परमनंटच्या ऑर्डरवर त्याच दिवशी सही करतो. अन् नाही पडली..."

"नाही पडली तर जी?"

"तर मुंबईहून माणूस येईल मशीनवर बसायले. मंग टायपिस्ट कायले पाहिजे सोसायटीले?"

घ्या! म्हणजे सोमवारी एकतर परमनंट, नाहीतर घरी. पण मी निवांत होती. यादी भरून झाली होती. आता फक्त नक्कल काढायची, बटणं दाबायची. त्याच्यात काय होते?

मध्ये आली खंडेनवमी. आता आपल्याकडे खंडेनवमीले काय करतात, तुम्हाले सांगायले नको. घरोघरी मागाची पूजा, कैचीची पूजा, सायकलची पूजा. मग कॉम्प्युटरची नको का? आपट्यांले कुठून सुगावा लागला कोण जाणे, आदल्या दिवशी त्यांचा ट्रंककॉल आला.

"मंगलाबाई, पूजा-बिजा करणार असाल तर लांबून करा. हळद, कुंकू, गुलाल, अक्षता, काहीही नको! फ्लॉपीत एक कण गेला तर फ्लॉपी संपली."

मी फोन ठेवला अन् माझी मैत्रीण शालू, ती जावक विभागात होती, तिले सांगितलं. शालूनं कानाले हात लावला.

"बिनाकुंकवाची पूजा? अन् तीही सणाच्या दिवशी? अपशकून आहे वं माय! यादीचं काही वाईटवंगाळ झालं मंग?"

झालं! तिकडून आपटे म्हणतात कुंकू लावू नका, इकडून शालू म्हणते लावलं नाही तर वाटोळं. मी मशीनसमोर बसून विचार केला. अन् काय सांगू, डोक्यात असा लख्ख उजेड पडला!

"शालू! टिकली!"

"काय टिकली?"

"टिकली म्हणजे कुंकूच नं? अन् त्याच्यात पावडर नाही, कण नाही. आपटे खूश, देव खूश!"

शालू पाहतच राहिली. "बापा! तुझं डोकं तर साऱ्या सोसायटीच्या वर चालते वं!"

"अन् लावायची कुठं, माहीत आहे? या खाचेवर. म्हणजे पूजा पण झाली, अन् फ्लॉपी भरते पण चांगली."

"तुले कसं माहीत?"

"वीस वर्षं नाही का भरून राहिली मी कॅसेटा?"

वीस कुठले, आठ वर्षं झाली होती. पण वेळच तशी होती.

मखमलीच्या मोठ्या लाल टिकल्या घेतल्या. प्रत्येक फ्लॉपीच्या खाचेवर एक, कडेवरून दुमडून, अर्धी इकडे अर्धी तिकडे, दाबून पक्की बसवली. यादीच्या फ्लॉपीले पहिली, मग दहा कोऱ्या फ्लॉप्यांले. टेबलावर ओळीनं मांडल्या, तर अकरा सवाष्णी जेवायले बसल्या अशा दिसून राहिल्या होत्या. हेडाऊ साहेबांनी स्वतः नारळ फोडला, तोही दाराबाहेर. म्हणाले, "मंगला, याले म्हणतात अक्कल!"

ते वाक्य मी दसऱ्याच्या दिवशी घरी चार वेळा सांगितलं. यजमान म्हणाले, "समजलं वं, आता सोनं वाटू दे."

सोमवार उजाडला. अकरा वाजता मॅडम आल्या. उंच, सुती साडी, कपाळावर मरून रंगाची मोठी टिकली. आपटेही मशीनची तपासणी करायले बारापर्यंत पोचणार होते. मी म्हटलं, त्यांची वाट कायले पाहायची? ते यायच्या आत काम करून दाखवते!

यादी वरच्या फटीत घातली. कोरी फ्लॉपी खाली. मॅडम खुर्चीत, साहेब मागं उभे, दारात शालू अन् तुकारामभाऊ. मी बटणं दाबली.

मशीन खरखरलं. मग टूंऽऽ करून एक आवाज आला, अन् पडद्यावर इंग्रजीत एक ओळ.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही जी. ही फ्लॉपी खराब दिसते."

दुसरी घातली. टूंऽऽ. तिसरी. टूंऽऽ. पडद्यावर तीच ओळ. आता तुम्ही म्हणाल, ती ओळ वाचायची होती! अहो, घाबरलेल्या माणसाले मराठी वाचता येत नाही, इंग्रजी कुठून येईल?

मी खाच पाहिली. माझ्या मनात आलं, टिकली नीट बसली नसेल. जुन्या टिकलीवर नवी लावली. टूंऽऽ! म्हटलं, अजून मोठी पाहिजे. दारातल्या शालूले खूण केली. तिनं आपली काढून दिली, मी ती लावली. टूंऽऽ! तुकारामभाऊले चौकात पिटाळलं, "भाऊ, मोठ्यातली मोठी टिकली! धावत जा!" बिचारा साठीचा माणूस, टिकलीचं पाकीट घ्यायले पळत गेला. दुकानदार त्याले काय म्हणाला, ते तुकारामभाऊनं मरेपर्यंत मले सांगितलं नाही.

तोवर मी दुसरा उपाय काढला. वरची खाली, खालची वर! यादी खालच्या फटीत, कोरी वरच्या फटीत. दाबलं बटण. टूंऽऽ! परत तसंच केलं. टूंऽऽ! मशीनच्या डोक्यावर एक चापट मारून तिसऱ्यांदा केलं. टूंऽऽ!

घाम! एसीत घाम! हेडाऊ साहेबांचा चेहरा तर असा, की ऑर्डरवरची सही मले तिथंच पुसून जाताना दिसून राहिली. घरचा तो बंद माग डोळ्यापुढं आला. त्याच्या शेजारी मी, कायमची घरी बसलेली. खरं सांगते, रडायलेच आलं होतं.

अन् तेवढ्यात माझी नजर मॅडमच्या कपाळावर गेली.

केवढी टिकली ती! चांगली आठ आण्याच्या नाण्याएवढी. तेवढी टिकली लावली तर फ्लॉपीच काय, भिंतसुद्धा भरेल! मी पाहतच राहिली.

"माझ्याकडे काय बघताय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम... तुमची टिकली द्याल का जी?"

सवाष्ण बाईले तिच्या कपाळाची टिकली मागायची? अन् तीही मुंबईहून आलेल्या साहेबीणबाईले? हेडाऊ साहेबांनी डोळे मिटून घेतले. शालू दारातून नाहीशी झाली.

मॅडमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या सजलेल्या फ्लॉप्यांकडे पाहिलं. पर्स उघडली, अन् टिकल्यांचं पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं.

"कपाळावरची नाही देणार. ह्यातली घ्या. पण कशाला हवी आहे, तेवढं सांगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज. आपटे आले!

त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली. फ्लॉपी बाहेर काढली. टिकल्यांचा थर पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिला. मग एका कोऱ्या फ्लॉपीची टिकली नखानं खरवडून काढली, ती फ्लॉपी खाली घातली, यादी वर घातली, बटणं दाबली. खर्र खर्र खर्र. अर्ध्या मिनिटात नक्कल तयार!

"कॅसेटची युक्ती वापरलीत ना? फ्लॉपीचं कॅसेटच्या बरोबर उलट असतं," ते म्हणाले. "खाच उघडी तर भरता येतं. खाच झाकली की भरणं बंद. ह्या सगळ्या तुम्ही बंद करून ठेवल्यात."

धरणीमाते, पोट फाड अन् मले घे! आठ वर्षांचा माझा सिद्धान्त, असा सगळ्यांच्या समोर पालथा पडला. हेडाऊ साहेबांनी खिशातून ऑर्डर काढली होती, ती हळूच घडी करून परत आत घातली. मी पाहिलं नं!

"नक्कल करताना काय काय केलंत?" आपट्यांनी विचारलं.

आता लपवून काय फायदा? मी सारं सांगून टाकलं. टिकलीवर टिकली. मशीनले चापट. वरची खाली, खालची वर...

"थांबा! खालची वर म्हणजे? कोरी वर आणि यादी खाली? आणि बटणं दाबलीत?"

"हाव जी. तीन डाव."

आपट्यांनी चष्मा परत काढला. तीन दिवसांत या माणसाचा चेहरा मी कधी हललेला पाहिला नव्हता, तो पांढरा पडला.

"अहो बाई! वरचं खाली उतरतं! कोरी फ्लॉपी तुम्ही यादीवर उतरवत होता! सगळी यादी पुसून कोरी झाली असती. एकदा नाही, तीनदा!"

"मग पुसली का नाही?" मॅडमनं विचारलं.

आपटे म्हणजे पुण्याचा माणूस, खोटं बोलता येईना अन् खरं बोलायची इच्छा होईना. त्यांनी यादीची फ्लॉपी उचलली. तिच्या खाचेवर माझी खंडेनवमीची टिकली कशी दिमाखात बसली होती!

"तांत्रिकदृष्ट्या बोलायचं तर..." ते फ्लॉपी उलटसुलट करत म्हणाले, "टिकलीमुळे."

"म्हणजे ह्यांनी टिकली लावली नसती, तर यादी गेली असती?"

"तांत्रिकदृष्ट्या... हो."

बस! 'हो' पडला अन् पारडं फिरलं. हेडाऊ साहेबांनी छाती पुढं काढली.

"मॅडम, आमच्या मंगलाबाई पहिल्यापासूनच दूरदृष्टीच्या! मी त्याच दिवशी म्हटलं होतं, याले म्हणतात अक्कल!"

शालू दारात परत उगवली. "मी तिथंच होती जी. मी साक्षीदार आहे!"

तेवढ्यात तुकारामभाऊ धापा टाकत आले, हातात टिकल्यांचं हे एवढं पाकीट. मॅडम हसायले लागल्या ते थांबेचनात. म्हणाल्या, "महत्त्वाच्या यादीवर टिकली हवीच. मी मुंबईला आमच्याकडेही सांगते." अन् यादीची नक्कल पर्समध्ये ठेवून साहेबांच्या केबिनमध्ये चहा घ्यायले गेल्या. साहेब जाताना माझ्या कानाशी पुटपुटले, "बस इथंच. ऑर्डरवर सही करून आणतो."

परमनंट! मी परमनंट! सहा वर्षं अन् एक टिकली!

खोलीत मी अन् आपटे उरलो. ते बॅग भरता भरता थांबले. भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"हा रोज वाचत होतात?"

"रोज," मी म्हटलं. परमनंट बाईचा आवाज होता तो.

आपट्यांनी पुढं होऊन गणपतीचा खालचा कोपरा नखानं अलगद उचलला. फोटोखाली पहिला प्रश्न. लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून.

'प्रश्न १ : फ्लॉपी भरून घेत नसेल तर काय करावे? उत्तर : कडेच्या खाचेवर काही चिकटवलेले नाही ना, हे सर्वप्रथम पाहावे.'

"हे?" आपटे म्हणाले.

"गणपतीच्या खाली हात घालून कोण वाचते जी?"

त्यांच्या तोंडून हसू फुटलं. पहिल्यांदाच. अन् बाहेर हेडाऊ साहेबांची पावलं वाजली. मी झेप घेऊन गणपती अंगठ्यानं परत दाबून बसवला. साहेब ऑर्डर हातात घेऊन आत आले, गणपतीपुढं उभं राहून त्यांनी हात जोडले.

"मंगला, सारी याचीच कृपा!"

"हाव जी," मी म्हटलं. अंगठा तसाच गणपतीवर होता.

त्या खोलीत मी रिटायर होईपर्यंत बसली. मशीनं बदलली, साहेब बदलले, भिंतीले तीन वेळा रंग दिला. दर वेळी मी रंगाऱ्याले एकच गोष्ट बजावून सांगितली, "सगळं काढ भाऊ, पण गणपतीले हात लावू नको."